शिवलेले कान

बारकीच्या कानातून पलीकडचा रस्ता दिसतो, असं तिची आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात फार काही तिखटमीठ नव्हतं. दोन्ही पाळ्यांना एवढाली भोकं होती, की आरपार अंगठा जावा. भोकांतल्या चकत्या काढून ठेवल्यापासून तर त्या पाळ्या नुसत्या लोंबायच्या, मान वळवली की गालाला लागायच्या. बारकी केस पुढे ओढून घ्यायची, पण दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहणाऱ्या बाईला केस मोकळे सोडून भागत नाही.

आत्याची लाँड्री होती. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. आईबापांमागे बारकीला आत्यानंच वाढवलं, कपड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपवून. मग मधली काही वर्षं बारकी या घरात नव्हती. ती उस्तादकडे होती.

उस्ताद म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला गोंदून देणारा, नाक-कान टोचून देणारा माणूस. त्याचं खरं नाव त्याच्या दुकानातही कुणी घेत नसे. हात अगदी हलका आणि आवाज त्याहून मऊ. बारकी आधी त्याच्या काउंटरवर बसायला लागली, मग त्याच्या घरी राहायला गेली. कान त्यानंच टोचले. पुढे दर थोड्या दिवसांनी आधीची चकती काढायची आणि तिच्याहून मोठी घालायची. "तुझी पाळी लोण्यासारखी आहे," तो म्हणायचा, "अजून जाईल." बारकीला तेव्हा ते आवडायचं. खोटं कशाला बोला, चांगलंच आवडायचं. तिच्याकडे इतक्या बारकाईनं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. कानांवरूनच आत्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि येणंजाणं तुटलं. आत्यानं त्या माणसाचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नाही.

मग एकदा बारकी म्हणाली, "पुरे आता." उस्ताद हसला आणि हसत हसतच त्यानं पुढच्या मापाची चकती आत सारली. रक्त आलं. "तुझे कान हे माझं काम आहे," तो तिचा गाल पुसत म्हणाला. "कामाला मत नसतं."

तो कुठल्याशा प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेल्यावर बारकी एक पिशवी घेऊन निघून आली. आत्यानं दार उघडलं, कानांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जेवायला वाढलं.

उस्तादचे सुरुवातीला फोन आले. मग बंद झाले.

"गप्प बसला म्हणजे सुटलीस," आत्या म्हणाली.

बारकीला तसं वाटत नव्हतं. उस्ताद एरवी सतत बोलायचा. हातात सुई घेतली की मात्र गप्प व्हायचा.

*

कान शिवून घ्यायचं आत्यानंच काढलं. दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, ते उगाच नाही. तू गेलीस लोहाराकडे."

"हळू बोल."

"हळू कशाला? तुझ्या कानातून सगळं आरपारच जातं."

डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बारकीची पाळी दिव्याच्या उजेडात धरली, उलटी केली, मागची कड बोटानं चाचपली. मग दुसरा कान पाहिला. मग पुन्हा पहिला.

"हे कुणी केलंय?"

"का?"

"सावकाश वाढवलेल्या भोकाची कड सगळीकडून सारखी जाड राहते. तुमची मागची बाजू कागदासारखी झालीये. दोन्ही कानांना, नेमक्या एकाच जागी." त्या आणखी काही बोलणार होत्या, पण चष्मा काढून पुसायला लागल्या. "होईल. भोकाच्या आतलं कातडं काढायचं, जास्तीची पाळी छाटायची आणि दोन्ही कडा जोडून टाके घालायचे. कान सुन्न करून करू, त्याच दिवशी घरी जाल. पण शिवलेली जागा बरेच दिवस कच्ची असते. ओढ बसता कामा नये. लहान मूल लोंबकळलं तरी फाटेल."

"घरात मूल नाही," आत्या म्हणाली. "मी आहे, पण मी लोंबकळत नाही."

ऑपरेशन सकाळचं होतं. इंजेक्शनाची आग झाली आणि मग कान जागेवरून नाहीसाच झाला. पण कान बधिर झाला तरी ऐकणं बधिर होत नाही. कात्री चालल्याचा आवाज बारकीला डोक्याच्या आतून यावा तसा आला, कॉलरचं जाड अस्तर कापल्यासारखा. मग धागा सरकण्याचा, पुन्हा पुन्हा. शेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये डॉक्टरीणबाईंनी काहीतरी ठेवलं.

"बघायचंय?"

"नको," बारकी म्हणाली. तरी उठताना दिसलंच. कापसावर कातड्याच्या दोन मऊ, ओल्या कड्या होत्या.

*

कानांना पट्ट्या असतानाच ती कामाला उभी राहिली. घरात बसून करणार काय? झालेले कपडे हँगरला लावताना एक पांढरा शर्ट तिच्या हातात आला आणि हात तिथंच थांबला. तिसरं बटण राखाडी धाग्यानं शिवलेलं होतं. पांढरा धागा संपला होता म्हणून तिनंच तसं शिवलं होतं, उस्तादच्या खिडकीत बसून.

"आत्या, हा कुणाचा?"

"तो होय! एक सभ्य माणूस येतो हल्ली. तू वर जेवायला गेलीस की नेमका येतो बघ. इतकं गोड बोलतो! तुझी पण चौकशी करतो."

"माझी?"

"विचारत होता, तुमची भाची नीट झोपते का म्हणून. मी म्हटलं, झोपते कसली, कान शिवून घेतलेत, कुशीवर वळायची सोय नाही..." बोलता बोलता आत्याचा आवाज खाली आला. तिनं बारकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे. "अगं बाई."

"कुठं शिवले, तेही विचारलं?"

आत्या स्टुलावर बसली. "मीच सांगितलं. म्हटलं, डॉक्टरीण चांगली आहे, कुणाला गरज पडली तर..." तिनं स्वतःच्या तोंडावर एक हलकी चापट मारली. "माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच."

दोघी पोलीस चौकीवर गेल्या. तिथल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, शर्ट इस्त्रीला टाकणं हा गुन्हा नाही."

शर्ट न्यायला कुणी आलं नाही. तो हँगरांच्या रांगेत लटकत राहिला. पंखा लावला की बाकीच्या कपड्यांबरोबर तोही हलायचा, आणि बारकी दर वेळी वळून बघायची. दुपारचं जेवण तिनं खाली दुकानातच करायला सुरुवात केली.

*

टाके काढायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई कात्री हातात घेत सहज म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता."

"मला नवरा नाही."

कात्री ट्रेमध्ये परत गेली. डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावलं.

"त्यांनी विचारलं, कापलेलं कातडं ठेवलंय का. मी म्हटलं, नाही, आम्ही ते ठेवत नसतो. तर म्हणाले, विचारायला हवं होतं. ते माझं होतं." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "माझ्याकडे असा फोन येण्याची ही दुसरी वेळ आहे."

"दुसरी?" बारकीनं विचारलं.

"तुमच्याआधी एक बाई आली होती. अशाच पाळ्या, मागची कड अशीच. हात एकाच माणसाचा, हे मला तुमचे कान बघताक्षणीच कळलं होतं. पण खात्री नसताना बोलायचं कसं? तिचे कान मी शिवले. टाके काढायला ती आलीच नाही. बऱ्याच दिवसांनी आली ती दोन्ही पाळ्या उघड्या घेऊन. म्हणाली, जिन्यावरून पडले. पडून कान फाटला तर वेडावाकडा फाटतो. हे सरळ होतं. आधी माझे टाके एकेक करून काढले होते, अगदी व्यवस्थित. मग कापलं होतं."

"ती कुठं आहे आता?"

"तिचं नाव मी सांगणार नाही. तिला तुमच्याबद्दल विचारते. तिला यावंसं वाटलं तर येईल." मग त्यांनी बारकीचे टाके काढले. इतक्या हळू, की बारकीला दोरा निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. आरशात तिनं पाहिलं. दोन लहान, गोल, साध्यासुध्या पाळ्या आणि त्यांवर एकेक गुलाबी रेघ. लहानपणचे कान परत आले होते. आनंद व्हायला हवा होता, पण तिचं सारं लक्ष दाराकडे लागलं होतं.

*

ती बाई कोट घेऊन आली. उंच, हाडकुळी, डोक्याला घट्ट रुमाल. कोट काउंटरवर ठेवून म्हणाली, "कधी मिळेल?"

"परवा."

"मला कोट धुवायचा नाहीये," असं म्हणून तिनं रुमाल मागे सारला.

दोन्ही पाळ्या उभ्या चिरलेल्या होत्या आणि तशाच भरून आल्या होत्या, पाकोळीच्या शेपटीसारखी दोन-दोन टोकं होऊन. बारकीनं तिला ओळखलं. कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. उस्तादच्या काउंटरवर आपल्याआधी एक जण बसायची, तिला सगळे लांबडी म्हणायचे. ती परदेशी गेली, असं उस्ताद सांगायचा.

आत्यानं काही न विचारता चहा टाकला आणि दोघींना आतल्या बाजूला बसवलं.

"तो ओरडत नाही," लांबडी कप दोन्ही हातांनी धरत म्हणाली. "हात उगारत नाही. समजावतो. मला म्हणाला, डॉक्टरनं माझं काम बिघडवलंय, मी दुरुस्त करून देतो. हातमोजे घातले. मलमसुद्धा लावलं, दुखू नये म्हणून. त्यानं मला धरून ठेवलं नव्हतं गं. कुणीच धरलं नव्हतं."

"मग?"

"बस म्हणाला. मी बसले. अजून मला ते कळत नाही. दार उघडं होतं." तिनं एक घोट घेतला. "तक्रार करायला गेले होते मी. आत जाऊन काय सांगू, म्हणून पायरीवरूनच परत आले."

आत्या पाठमोरी उभी होती. ती वळलीच नाही.

"तो येईल," लांबडी म्हणाली. "जागा कच्ची आहे तोवरच येईल. आला की तू काहीही कर. ओरड, पळ, अंगावर थुंक. पण बसू नकोस."

जाताना तिनं कोट तिथंच ठेवला. म्हणाली, धुवा खरंच, मळलाय.

*

दुपार होती. समोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदारीणबाई दारात पेंगत होत्या. आत्या दोन घरं टाकून कपडे पोचवायला गेली होती. मी आलेच, म्हणाली होती आणि खरंच लगेच यायची होती. बारकी पँटीला घडी घालत होती. शटर कुरकुरलं. वर पाहिलं तर अर्ध्यावर आलं होतं, आणि त्याच्याखालून वाकून उस्ताद आत येत होता.

"शर्ट झाला का?" त्यानं विचारलं.

बारकीनं रांगेकडे नुसतं बोट केलं. उस्तादनं तिकडे पाहिलंही नाही. खांद्यावरची चपटी बॅग त्यानं काउंटरवर उघडली, स्वच्छ नॅपकिन पसरला, त्यावर एकेक वस्तू मांडली. बारीक कात्री, पात्याचं पाकीट, मलमाची ट्यूब, दोन काळ्या चकत्या. मग आत येऊन आत्याचं स्टूल उचललं, रुमालानं पुसलं आणि खिडकीच्या उजेडात ठेवलं.

"बघू तरी काय करून ठेवलंय," तो हातमोजे चढवत म्हणाला. "अरेरे. गोधडी शिवतात तसं शिवलंय."

"तुम्ही जा, उस्ताद."

"जाणारच आहे. मला काय इथं राहायचंय? आधी बस."

आणि बारकीचे गुडघे वाकायला लागले. तिनं ठरवलं नव्हतं. तिच्या मनात तसं नव्हतंच. तरी पाय आपले वाकत होते, शिकवलेल्या जनावरासारखे, आणि ती ते लांबून बघावं तसं बघत होती. स्टूल मागे कुठं आहे, हे तिच्या अंगाला न बघता ठाऊक होतं.

उस्ताद आता बोलायचा थांबला होता. डाव्या हातानं त्यानं तिची मान कलती केली. उजव्या हाताची दोन बोटं तिच्या पाळीवर आली, कापडाचा पोत बघावा तशी फिरली, आणि त्यांनी पाळी खाली ओढली. हळूच, मग जोरात. गुलाबी रेघ उसवली. मानेवर काहीतरी कोमट ओघळलं.

त्या ओघळानं बारकी जागी झाली. हात टेबलाकडे गेला. इस्त्री तापलेली होती, वाफ सोडत होती. तिनं ती उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर, कानाला धरलेल्या हातावर, टेकवली. हातमोजा वितळून चिकटल्याचा वास आला.

"अगं..." उस्ताद म्हणाला. नुसतं नवल वाटल्यासारखं. मग तो किंचाळला. बारकीनं त्याचा असा आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो हँगरांच्या रांगेवर कोसळला, कपडे त्याच्या अंगावर पडले. बारकी इस्त्रीची वायर हिसकून, इस्त्री तशीच हातात धरून, शटरखालून बाहेर रस्त्यावर आली आणि तिथं उभी राहिली.

माणसं जमली. काही वेळानं उस्तादही बाहेर आला, बॅग काखेत, भाजलेला हात नॅपकिनात. चेहरा पांढराफटक, पण आवाज पुन्हा मऊ. "घरातली गोष्ट आहे," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "तिची चूक नाही. तिची तब्येत बरी नसते. कुणी तिला काही बोलू नका." लोकांनी त्याला वाट करून दिली. हातात इस्त्री घेऊन थरथरणारी बाई आणि एवढं भाजूनही तिला सांभाळून घेणारा माणूस. लोकांनी ज्याचं त्याचं ठरवून टाकलं होतं. बारकीला ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि सांगायला गेली तर दातांवर दात आपटत होते.

समोरच्या दुकानदारीणबाई मात्र शटरखालून आत डोकावल्या. घाईत त्यानं सगळं उचललं नव्हतं. काउंटरवर पात्यांचं पाकीट होतं, त्याच्या शेजारी चकत्या, आणि उजेडात ओढून ठेवलेलं ते स्टूल. त्यांनी बारकीच्या कानाकडे पाहिलं. मग एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की कोपऱ्यावरून आत्या पळत सुटली.

"त्याला जाऊ देऊ नका! अडवा त्याला!"

*

या वेळी चौकीवर शर्टाची गोष्ट निघाली नाही. लांबडी स्वतःहून आली. अधिकाऱ्यासमोर उभी राहिली, रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि पायरीवरून परत नेलेलं सगळं सांगितलं.

उस्तादच्या घराची झडती झाली. कपाटात काचेच्या लहान बाटल्या सापडल्या, औषधाच्या असतात तशा. प्रत्येकीत सुकून काळपट झालेली कातड्याची किनार होती. अधिकाऱ्यानं दोघींना विचारलं, "तुमच्याशिवाय आणखी कोण कोण होतं?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बारकीचं कातडं त्याला मिळालंच नव्हतं. लांबडीचे कान चिरताना त्यानं काढून घेतलेल्या दोन किनारी सोडल्या तरी कपाटात बाटल्या उरत होत्या. त्या कुणाच्या, हे आजतागायत कळलेलं नाही.

खटला उभा राहिला आणि खटले रेंगाळतात तसा रेंगाळला. मधेच उस्ताद जामिनावर सुटला. त्याच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती, सुई धरवत नव्हती, असं कळलं. आत्या म्हणाली, "देव आहे." दुकानाला आता काचेचं दार होतं, आतून कडीचं, आणि वह्यांच्या दुकानदारीणबाई दुपारच्या पेंगत नव्हत्या.

उसवलेली पाळी पुन्हा शिवायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं, तेव्हा लांबडीही बरोबर आली. तिचेही कान त्या नव्यानं जोडून देणार होत्या. दोघी बाकावर शेजारी बसल्या होत्या. दार वाजलं की दोघींच्या माना एकदमच वळायच्या. मग त्या एकमेकींकडे बघून ओशाळं हसायच्या.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. कॉलेजातली असावी. केस दोन्ही बाजूंनी पुढे ओढलेले, नजर जमिनीवर. ती समोरच्या खुर्चीवर कडेला टेकली. पंख्यानं केस जरा उडाले, तेवढ्यात खालची पाळी दिसली. चकती काढलेली, लोंबती. मागची कड कागदासारखी.

लांबडीनं बारकीचं मनगट धरलं.

बारकी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. "कुणाबरोबर आलीस?"

"एकटीच. कुणाला सांगितलेलं नाही."

"कान कुणी केले?"

मुलीनं आधी दाराकडे पाहिलं. "एक जण आहेत. म्हणजे ते स्वतः नाही करत आता, त्यांचा हात भाजलाय. ते शेजारी बसून सांगतात. दुसरा करतो." ती कसंनुसं हसली. "फार छान समजावून सांगतात."

बारकीनं पर्समधून फोन काढला आणि त्या अधिकाऱ्याचा नंबर शोधायला लागली. मुलीनं घाबरून तिचा हात धरला.

"माझं नाव नका ना सांगू."

"नाव राहू दे," बारकी म्हणाली. "त्यानं शेवटची चकती कधी घातली, तेवढं सांग."

"काल," मुलगी म्हणाली. "आणि उद्या पुन्हा बोलावलंय."

आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी बारकीचं नाव पुकारलं, मग उंबऱ्यातच थांबून त्या तिघींकडे बघत राहिल्या. फोनची रिंग पलीकडे वाजत होती.